उद्देशिकेतली तारीख

(सोसायटीचा ग्रुप, २६ जानेवारी, संध्याकाळ)

सेक्रेटरी: सकाळच्या झेंडावंदनाचे फोटो टाकलेत. प्रश्नमंजूषेसाठी बी-४०२च्या बाईंचे मनापासून आभार.

बी-४०२: आभार कसले. पण एक गोष्ट सकाळपासून मनातून जात नाहीये, म्हणून लिहिते. मुलांचं झाल्यावर मोठ्यांना मी एकच प्रश्न विचारला: १९५० साली आजच्या दिवशी काय झालं? चौदा जणांनी उत्तर दिलं. नऊ जण म्हणाले, इंग्रज गेले. तिघं म्हणाले, घटना लिहून पूर्ण झाली. नावं घेत नाही, पण सगळी शिकलेली माणसं आहेत. ३२ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय मी. वाईट वाटलं, खरंच.

ए-१०१: बाई, त्या नवांतला एक मी. आता नीट सांगूनच टाका.

बी-४०२: काका, तुम्ही विचारलंत हेच बरं केलंत. इंग्रज १५ ऑगस्ट १९४७ला गेले. पण पुढची जवळजवळ अडीच वर्षं आपला कारभार चालला तो ब्रिटिश पार्लमेंटनेच केलेल्या १९३५च्या कायद्यावर, त्यात लागतील ते बदल करून. सहावा जॉर्ज तोवर नावापुरता का होईना, आपला राजा होता. त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल आधी माउंटबॅटन, मग राजगोपालाचारी. २६ जानेवारी १९५०ला संविधान लागू झालं आणि हे सगळं संपलं. अनुच्छेद ३९५ काढून बघा, एकाच वाक्याचा आहे. त्यात १९३५चा कायदा तर रद्द केलाच, पण १९४७चा भारतीय स्वातंत्र्य कायदाही रद्द केला. लंडनने ज्या कागदाने स्वातंत्र्य दिलं, तो कागदच आपण बाजूला ठेवला. आमचं राज्य आमच्याच शब्दावर उभं राहील, दुसऱ्याच्या नाही. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज कापायचा.

सी-२०४: मग घटना पूर्ण कधी झाली? मी त्या तिघांतला.

बी-४०२: ती तारीख आज सकाळी तू स्वतः मोठ्याने म्हणालास की. उद्देशिकेची शेवटची ओळ आठव.

सी-२०४: "आमच्या संविधानसभेत आज दिनांक २६ नोव्हेंबर, १९४९ रोजी"... अरे हो! शाळेत प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असायची. पाठ आहे मला. पण तारीख कधी डोक्यात शिरलीच नाही.

बी-४०२: पाठ असतं, तेच आपण ऐकत नाही. मग दोन महिने कशाला थांबले? कारण १९३० सालापासून २६ जानेवारी हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळत होते. त्या दिवसाचा मान राखला. मात्र काही अनुच्छेद २६ नोव्हेंबरलाच लागू झाले. त्यात नागरिकत्वाचे होते आणि निवडणूक आयोगाचाही. म्हणजे या संविधानाखाली आपण आधी नागरिक झालो आणि मग प्रजासत्ताक. मला हे फार मोलाचं वाटतं.

डी-५०१: माहिती छान आहे, पण राग मानू नका, विचारतो. तारखा माहीत असून रोजच्या जगण्यात काय फरक पडतो? आपल्याला पार्किंग आणि पाण्याचे प्रश्न सुटत नाहीत.

ए-३०३: दादा, याचं उत्तर मी देते. वकिली करते म्हणून नाही, याच सोसायटीत राहते म्हणून. आपण सहकारी संस्था आहोत. संघटना स्थापन करण्याचा जो मूलभूत हक्क अनुच्छेद १९मध्ये आहे, त्यात "सहकारी संस्था" हे शब्द २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीने घातले. म्हणजे पार्किंगसाठी आपण ज्या सभेत भांडतो, ती सभा घेणारी संस्था काढण्याचा हक्क थेट संविधानात आहे. आणि मागच्या वार्षिक सभेत दोघांनी ठणकावून सांगितलं, "माझा फ्लॅट हा माझा मूलभूत हक्क आहे." नाही. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने काढला. तो आता अनुच्छेद ३००-कमध्ये घटनात्मक हक्क म्हणून आहे. असलेला हक्क माहीत नाही आणि नसलेल्यावर तावातावाने बोलतो, हा फरक पडतो.

डी-५०१: मान्य. दोघांतला एक मीच होतो.

ए-३०३: आता बोलतेच आहे तर सकाळपासून जे खटकतंय तेही लिहिते. "दर्जाची व संधीची समानता" हे शब्द आपण जिथे उभं राहून म्हटले, तिथून दहा पावलांवर लिफ्ट आहे. तिच्याशेजारी पाटी आहे: घरकाम करणाऱ्यांनी व डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. मागची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. माझ्याकडे येणाऱ्या ताईंचे गुडघे दुखतात. त्या रोज तिसऱ्या मजल्यावर जिना चढून येतात आणि दारात भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभ्या राहतात. आज सुट्टी असूनही आल्या होत्या. आपण उद्देशिका म्हणत होतो तेव्हा त्या आपल्या मागून जिन्याकडे गेल्या.

बी-४०२: मीही पाहिलं त्यांना. आणि गप्प राहिले, हे कबूल करते. २५ नोव्हेंबर १९४९ला, म्हणजे त्या तारखेच्या आदल्या दिवशी, बाबासाहेबांनी संविधानसभेत हेच बजावलं होतं. २६ जानेवारीपासून राजकारणात आपल्याकडे समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल, ही विसंगती आपण किती काळ चालू ठेवणार? ते भाषण मी वर्गात वाचून दाखवायचे. आमच्या लिफ्टशी ते कधी जोडलं नाही.

सेक्रेटरी: मागच्या लिफ्टच्या दुरुस्तीचं कोटेशन आलंय, मंजुरी बाकी आहे. पाटी काढायला मात्र समितीचा ठराव लागेल.

ए-१०१: ती पाटी लावायचा आग्रह तीन वर्षांपूर्वी माझा होता. सामान चढवताना लिफ्ट अडते, एवढंच डोक्यात होतं. कोण जिना चढणार हा विचारच केला नाही. माझं चुकलं. सेक्रेटरी, रविवारच्या बैठकीत विषय घ्या.

सेक्रेटरी: घेतो. सूचक म्हणून कुणाचं नाव लिहू?

ए-१०१: माझं लिहा.

डी-५०१: अनुमोदक मी.

बी-४०२: काका, ठराव होईपर्यंत उद्यापासून ताईंना पुढच्या लिफ्टने येऊ द्या म्हणून वॉचमनला आजच सांगाल का? सकाळी साडेसातला येतात त्या.

ए-१०१: आत्ताच खाली जातोय.