तळावरची रोजची ये-जा: गेटवरचा वेळ कसा वाचवायचा?

पहाटपाळी:
नमस्कार मंडळी. मी लष्करी तळावरच्या वर्कशॉपमध्ये नागरी कर्मचारी आहे. घर ते गेट काही त्रास नाही, खरी रखडपट्टी पुढे. पहिल्या पाळीला सगळे एकदम येतात आणि रांग हमरस्त्यावर जाते. बसने आलं तर बस गेटबाहेरच सोडते, वर्कशॉप बरंच आत. हजेरीला उशीर चालत नाही. काय करावं?

माजी_हवालदार:
आधी घर ते गेट, गेटवरची रांग आणि गेट ते कामाची जागा, असा तिन्हींचा वेळ वेगळा मोजा. लोक घर बदलायचा विचार करतात, आणि वेळ खात असते रांग. एका गाडीला 10 सेकंद धरले तरी एका लेनमधून मिनिटाला 6 गाड्या सुटतात. पुढे 120 गाड्या असतील तर 20 मिनिटं गेलीच. म्हणून एका पाळीच्या चौघांनी एकच गाडी करा. ओळखपत्रं चार तपासावी लागली तरी गाडी एकदाच थांबते. मात्र सगळ्यांच्या पासची मुदत बघून ठेवा, एकाचा संपलेला असला तर अख्खी गाडी बाजूला घेतात. अंधारात गेटजवळ हेडलाइट मंद, आतला दिवा चालू, काच खाली, कार्ड हातात. पहाऱ्यावरच्या जवानालाही तेच सोयीचं पडतं.

शिवाय पाळीची वेळ अर्धा तास पुढेमागे करून मिळावी म्हणून सेक्शनने मिळून लेखी अर्ज द्या. एकट्याच्या तोंडी विनंतीला वजन नसतं.

रात्रपाळी_सिस्टर:
तळावरच्या रुग्णालयात आहे. मला सकाळच्या रांगेपेक्षा ड्यूटीनंतरच्या परतीची जास्त काळजी वाटते. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात. निघण्याआधी कॉफी घ्या आणि लगेच 20 मिनिटं पडा. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही होते. तरीही डोळे मिटत असतील तर कृपा करून गाडी चालवू नका, कोणाला तरी सोडायला सांगा.

माजी_हवालदार:
अगदी बरोबर. आणखी एक, सुरक्षेची पातळी वाढली की गाडीची झडती होते, तेव्हा लवकर निघा. पण गेटचे फोटो किंवा तपासणीची माहिती कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

पहाटपाळी:
आभारी आहे. सेक्शनमधले काही जण माझ्याच वाटेवर राहतात, त्यांना विचारतो. बसमधून घडीची सायकल नेऊन आतलं अंतर कापणारं कोणी आहे का? परावर्तक पट्टा लागतो का तेही सांगा.