बनाना स्प्लिट: तिन्ही सॉस घरी करायचे आहेत, चॉकलेट सॉस आइस्क्रीमवर दगड का होतो?

शेवंती_ठाणे

सहा जणांसाठी बनाना स्प्लिट करायचं आहे, तेही अगदी पठडीतलं. लांबट बाउल, उभं चिरलेलं केळं, मध्ये व्हॅनिला, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरीचा एकेक गोळा, त्यावर चॉकलेट, स्ट्रॉबेरी आणि अननसाचा सॉस, वर फेटलेलं क्रीम, दाणे, चेरी. आइस्क्रीम विकतचं चालेल, सॉस मात्र घरचेच हवेत. घोडं अडतंय ते इथे:

१) १०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि १०० मिली फ्रेश क्रीम एकत्र वितळवलं की सॉस पातेल्यात छान वाहतो, पण आइस्क्रीमवर पडला की दोन मिनिटांत चमच्याला दाद देत नाही.
२) अननस बारीक चिरून साखरेत मुरवला, तर क्रीमला लागतो तिथे कडवट होतो. साखर कमी पडते का?
३) टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही फेटलं जात नाही, पातळच राहतं.
४) केळी आधी चिरून ठेवता येतील का? आयत्या वेळी सहा बाउल एकदम कसे भरायचे?

पाकातला_मोदक

पहिल्याचं उत्तर तुमच्या पाकिटावरच आहे, ताई. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्धांश असतो आणि तो गारव्याला झटकन गोठतो. चोकोबारचं कवच याच गुणावर उभं आहे. खरं डार्क चॉकलेट वापरलंत तरी घट्टपणा येणारच, कारण कोको बटरही थंडीत गोठतं. स्प्लिटवर ओघळता सॉस हवा असेल तर चॉकलेटची वडी बाजूला ठेवा आणि कोको पावडरचा सॉस करा. त्यात गोठण्यासारखं फारसं काही नसतं.

सहा जणांना पुरून उरेल असं माप: साखर १५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ५० ग्रॅम, पाणी १८० मिली, लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला १ छोटा चमचा. साखर आणि कोको आधी कोरडेच नीट मिसळा. कोको थेट पाण्यात टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात, साखरेबरोबर असला की सुटा राहतो. पाणी थोडं थोडं घालत आधी लगदा करा, मग उरलेलं ओता. पातेलं मोठं घ्या, कारण हे दुधासारखं फसफसून वर येतं. मध्यम आचेवर, तळ खरवडत, उकळी फुटल्यावर ३-४ मिनिटं, बस. व्हॅनिला गॅस बंद केल्यावर.

गरम असताना सॉस पातळ दिसतो आणि इथेच हात चुकतो. ‘अजून थोडं आटू दे’ म्हटलं की गार झाल्यावर डांबर. स्टीलची ताटली पाच मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर थेंबभर सॉस टाका, त्यातून बोट ओढा. रेघ हळूहळू मिटली तर झाला. तशीच उघडी राहिली तर जास्त आटलाय, दोन चमचे गरम पाणी घाला. लगेच मिटली तर आणखी मिनिटभर. फळांच्या सॉसलाही हीच परीक्षा लावा. आपला सॉस उणे तापमानाच्या गोळ्यावर पडणार आहे, त्यामुळे गरम पातेल्यातलं त्याचं रूप बघून काही ठरवू नका.

ग्लुकोज नसेल तर चालतं, फक्त फ्रिजमध्ये आठवडाभर राहिला की पाक साखरेवर येऊन रवाळ लागू शकतो.

लिंबूटिंबू

अननसाचं साखरेशी काही देणंघेणं नाही. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. तुटलेल्या तुकड्यांची चव कडू, म्हणून क्रीमला लागतो तिथेच कडवटपणा. साखर दुप्पट केली तरी गोड-कडू लागेल. उपाय एकच, अननस शिजवणे. उकळीला ते विकर निकामी होतं. डबाबंद अननसात ही भानगड नसते, तो आधीच तापवलेला असतो.

सोललेला, मधला दांडा काढलेला ३०० ग्रॅम अननस घ्या. अर्धा सेंटिमीटरचे तुकडे करा, मिक्सरला लावू नका, नाहीतर चोथ्याचा जाम होतो. आधी ५० मिली पाण्यात झाकण ठेवून ५-६ मिनिटं नुसता शिजवा, तुकडा बोटांनी दबला पाहिजे. मगच १०० ग्रॅम साखर. साखर सुरुवातीला घातली की तुकडे चिवट राहतात. पुढे उघड्यावर ८-१० मिनिटं. पाक एकतारीच्या अलीकडेच थांबवा. एकतारी झाला तर आइस्क्रीमवर त्याची चिकी होते. शेवटी एक छोटा चमचा लिंबूरस.

स्ट्रॉबेरीचं गणित उलटं आहे, तिला जितकं कमी शिजवाल तितकी बरी. ३०० ग्रॅम फळं, ९० ग्रॅम साखर, २ छोटे चमचे लिंबूरस. निम्मी फळं कुस्करून सगळी साखर आणि लिंबू घालून अर्धा तास ठेवा, पाणी सुटेल. ती स्टीलच्या पातेल्यात ५-६ मिनिटं मोठ्या आचेवर उकळा. उरलेल्या निम्म्यांचे चार-चार तुकडे करून गॅस बंद केल्यावर त्यात सोडा. शिजलेल्या भागामुळे दाटपणा येतो, कच्च्यामुळे रंग आणि वास. सगळीच फळं वीस मिनिटं शिजवली की विटकरी रंगाचा, जॅमच्या वासाचा सॉस हाती येतो. बिनआवरणाच्या अॅल्युमिनियममध्ये शिजवू नका, आंबट फळ धातू खातं.

महाबळेश्वरची फळं साधारण डिसेंबर ते मार्च मिळतात. एरवी फ्रोझन चालतात, पण ती फार पाणी सोडतात, म्हणून सगळीच शिजवा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या. साखर मात्र चवीप्रमाणे फार उतरवू नका. गोडी कमी असलेला रस आइस्क्रीमवर बर्फासारखा कचकचतो.

कोकणकडा

लिंबूटिंबू, फळांच्या सॉसमध्ये चमचाभर कॉर्नफ्लोअर लावलं तर आटवायची कटकट वाचते की. केटरिंगवाले तेच करतात.

लिंबूटिंबू

करतात, आणि म्हणूनच तो सॉस धुरकट दिसतो. कॉर्नफ्लोअरचा सॉस गार झाल्यावर खळीसारखा थरथरतो आणि एकदा गोठून सुटला की पाणी सोडतो. शंभर पानांचं काम असेल तर समजू शकते, सहा बाउलसाठी कशाला?

दुधावरची_साय

क्रीमबद्दल. टेट्रापॅकवर स्निग्धांश बघा, आपल्याकडचं साधं फ्रेश क्रीम बहुतेक २५ टक्क्यांचं असतं. ते ग्रेव्हीत घालायला आहे, फेटायला नाही. फेटताना स्निग्धाचे कण एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळी धरतात. कण कमी असले की जाळी तुटकी राहते, मग रात्रभर काय, आठवडाभर गार ठेवलं तरी उपयोग नाही. ३५ टक्क्यांच्या आसपासचं डेअरी व्हिपिंग क्रीम मागा.

२०० मिली क्रीम, २० ग्रॅम आयसिंग शुगर. भांडं आणि बीटरची पाती १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. मे महिन्यात भांड्याखाली बर्फाचं पाणी ठेवा. आधी संथ, मग मध्यम वेग. पात्यांच्या रेघा टिकायला लागल्या की डोळे हटवू नका. पातं उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबायचं. त्यानंतर अर्ध्या मिनिटात कडा दाणेदार दिसतात, आणखी पुढे गेलात तर लोणी आणि ताक. नुसतं दाणेदार झालं असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं क्रीम चमच्याने हलकेच मिसळा, बहुतेक वेळा सावरतं.

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं नॉन-डेअरी क्रीम उन्हाळ्यात जास्त टिकतं हे खरं, पण ते आधीच गोड असतं, साखर घालू नका. टाळूला तुपकट थर राहतो, मला ते स्प्लिटवर आवडत नाही.

आणि आइस्क्रीमचं पाकीट उलटून वाचा. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात वनस्पती स्निग्धांश आहे. नुसतं ‘आइस्क्रीम’ म्हणायचं तर आपल्या नियमाने किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. इतका खटाटोप करून सॉस बनवायचे तर खाली खरं आइस्क्रीम असू द्या.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतोच, त्यामुळे ती अडचण येत नाही. मूळ पदार्थाबद्दल थोडं: पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावात १९०४ साली डेव्हिड स्ट्रिकलर यांनी औषधांच्या दुकानातल्या सोडा फाउंटनवर (सोडा आणि आइस्क्रीम मिळणाऱ्या काउंटरवर) तो पहिल्यांदा केला असं मानतात. ओहायोतलं विल्मिंग्टन १९०७ च्या अर्नेस्ट हॅझर्ड यांच्यासाठी हक्क सांगतं. दोन्ही गावं आपापला उत्सव भरवतात, त्यात आपण पडू नये.

सॉसच्या जोड्यांवर इकडेही एकमत नाही. माझं मत: अननस व्हॅनिलावर, बाकी दोन आपापल्या रंगावर. चॉकलेट आइस्क्रीमवर अननस ठेवला तर दोघांचीही चव मरते.

त्या काळी इथे ग्रो मिशेल जातीचं केळं यायचं, आता सगळीकडे कॅव्हेंडिश. जळगावचं जी-नाइन त्याच घराण्यातलं, म्हणजे तुम्हाला अगदी योग्य केळं दारात मिळतंय. वेलची केळी चवीला कितीही सरस असली तरी बाउलच्या कडेला पुरत नाहीत.

पाकातला_मोदक

केळ्यांचं माझ्याकडून. पूर्ण पिवळी, देठाशी हिरवट नसलेली, डाग नुकते पडू लागलेली घ्या. काळे ठिपके भरलेलं केळं शिकरणीला ठेवा, इथे ते गोळ्यांच्या वजनाने बसतं. सालीसकट उभं चिरा आणि मग प्रत्येक अर्ध्याची साल काढा. आधी सोलून चिरलं की हमखास मोडतं. चिरून ठेवायची नाहीत, फार तर दहा मिनिटं आधी. तेवढ्यासाठी कापलेल्या बाजूला अननसाच्या पाकाचं बोट फिरवलं तरी पुरे.

सहा बाउल एकदम भरण्याची युक्ती अशी: गोळे आदल्या दिवशीच पाडा. ट्रेवर बटर पेपर, त्यावर १८ गोळे, वरून झाकण आणि परत फ्रीझरमध्ये. गोळा साधारण ६५ मिलीचा धरला तर प्रत्येक चवीचा अर्ध्या लिटरचा एक डबा पुरतो. गोळे पाडण्यापूर्वी डबा फ्रीझरमधून काढून दहा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे मनगट दुखणार नाही. वाढायच्या आधी बाउलही पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. मग केळ्याचे अर्धे कापलेली बाजू आत करून कडेला उभे, मध्ये गोळे, प्रत्येकावर दोन मोठे चमचे सॉस, क्रीम, दाणे. सॉस फ्रिजमधून काढलेले गारच हवेत, कोमट चॉकलेट ओतलंत तर खाली खड्डा पडतो. हे सगळं होईपर्यंत टणक गोळे बरोबर खाण्याजोगे होतात.

शेवंती_ठाणे

सगळ्यांचे आभार, कोकोचा सॉस आणि शिजवलेला अननस नक्की. दोनच शंका उरल्या. दाणे म्हणजे नेमके कोणते? आणि बेकरीतली लाल चेरी चालेल का?

दुधावरची_साय

अक्रोड किंवा शेंगदाणे, दोन्ही रूढ आहेत. अक्रोड १६० अंशांवर ८ मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, हाताने मोडा आणि अगदी शेवटी टाका. आधी टाकले की सॉसमध्ये मऊ पडतात. शेंगदाणे असतील तर भाजून, सालं पाखडून, जाडसर. कूट नको.

आपल्याकडे ‘चेरी’ म्हणून मिळणारं लाल टपोरं फळ पुष्कळदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. चव साखरेचीच, दिसायला ठीक. फक्त त्याचा रंग क्रीममध्ये उतरतो, म्हणून पाण्याने धुऊन, पुसून, बाउल टेबलावर न्यायच्या क्षणी ठेवा. बी असलेलं निघालं तर मुलांच्या बाउलमध्ये देऊ नका.

लिंबूटिंबू

उरलेले सॉस काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये. अननस आठवडाभर, चॉकलेट दोन आठवडे. स्ट्रॉबेरीत कच्ची फळं आहेत, ती तीन-चार दिवसांत संपवा.