परतले ते शहाणे, राहिले ते लोभी: हे ठरवलं कुणी?

टिळकवाडी_स्टुटगार्ट
परवा मंडोळी_रोड यांनी लिहिलं होतं: "बेळगावची हवा पुण्यापेक्षा बरी, स्वयंपाकाला बाई मिळते, आईवडील डोळ्यासमोर. एवढं असून जे परतत नाहीत त्यांना पैशाचा लोभ, बाकी सगळ्या सबबी." दोन दिवस गप्प बसलो. आज इथं सुट्टी आहे आणि बाहेर पाऊस आहे, म्हणून लिहितो.

मी परतलो होतो. 2022 च्या जूनमध्ये. बायको, चौथी संपवलेली मुलगी आणि जहाजानं मागवलेले सतरा खोके. 26 महिने राहिलो आणि पुन्हा इकडं आलो. तोवर जर्मनीत कायमचं राहण्याचा परवाना गेलेला, त्यामुळं नवी नोकरी, नवा व्हिसा, सगळं पहिलीपासून. लोभी माणूस इतका तोट्याचा व्यवहार करत नाही.

पगार एक तृतीयांश झाला, त्याचं काही वाटलं नाही. नळाला पाणी कधी येणार याचं वेळापत्रक आई पाठ म्हणून दाखवायची, तेही चाललं. मोडलो तो येळ्ळूरच्या शेताच्या वारशात. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'बाळाप्पा', आधारवर 'बाळप्पा', उताऱ्यावर नुसतं 'बाळू'. तिघे एकच, हे सिद्ध करायला सहा फेऱ्या. उतारा अख्खा कन्नडमध्ये. मी तो हातात धरून उभा होतो, डॉक्टर नसलेला माणूस एक्सरे उजेडाकडं धरतो तसा. बाहेर चहाच्या गाड्यावर माझ्याशी झकास मराठीत बोलणारा साहेब खिडकीत बसला की कन्नडशिवाय तोंड उघडेना. सातव्या फेरीला काम झालं, कसं झालं ते विचारू नका.

त्या रात्री मी जर्मनीतल्या नोकऱ्या बघायला बसलो. सबब म्हणायचं असेल तर म्हणा.

मंडोळी_रोड
म्हणतोच. एका खिडकीवरच्या माणसानं तुम्हाला देश सोडायला लावला? मग तो फारच कर्तबगार कर्मचारी म्हणायचा.

मी शारजात 14 वर्षं काढली. तिथं नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजायला लागतात. नागरिकत्वाचं नाव काढायचं नाही, पेन्शन नाही. निघताना ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांची वर्षाला 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी, पुढची 30 दिवसांची. मूळ पगार कागदावर किती कमी दाखवतात ते आखातवाल्यांना विचारा. म्हणजे आम्ही पहिल्या दिवसापासून परतीचं तिकीट खिशात ठेवून राहिलो. तुमच्याकडं परवाना होता, म्हणून 'जमतंय का बघू' म्हणून आलात. बघायला आलेला माणूस राहत नसतोय.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तो कायमचा परवाना मिळवायला जर्मन शिकलात की नाही?

टिळकवाडी_स्टुटगार्ट
शिकलो. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या व्हिसावर आलेल्याला, जर्मनची बी-वन ही मधली परीक्षा असेल तर 21 महिन्यांत परवाना मिळतो, नुसत्या ए-वनवर, म्हणजे पहिल्या पायरीवर, माझ्या वेळी 33 लागायचे. मी बी-वन केलं.

मंडोळी_रोड
झालं तर मग. एक वर्ष लवकर मिळावं म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर 'देर, दी, दास' घोकलंत. आणि ज्या गावात जन्मलात तिथली कन्नड अक्षरं ओळखता येत नाहीत हे इथं अभिमानानं सांगताय?

निपाणी_स्टँड
आला. भाषेचा विषय आला. परदेश गेला आता हिडकल धरणात. मी चहा ठेवतो, तुमचं चालू द्या.

टिळकवाडी_स्टुटगार्ट
अभिमानानं नाही, पण हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर कमाल आहे. जर्मनी माझ्या दारात आली नव्हती, मी तिच्या दारात गेलो. तिची भाषा शिकणं माझं काम. आमचे आजोबा कुठंही गेले नाहीत. 31 ऑक्टोबर 1956 ला मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, उठले. त्याच गल्लीत, त्याच खाटेवर. पुढं मरेपर्यंत 1 नोव्हेंबरला ते जेवत नसत. संध्याकाळी आजी नुसता चहा द्यायची, तोही बिनसाखरेचा. आम्हा पोरांना वाटायचं, एकादशीसारखाच काहीतरी उपास असतोय.

घर न सोडता परदेशी झालेल्या माणसाला तुम्ही बी-वनचा हिशोब सांगूलाय?

कोरे_गल्ली
शाबास. 1967 ला बेळगाव तिकडंच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल आला, 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, मुंबईतले नेते निवडणुकीपुरते आठवण काढतात आणि इकडं पाटीवर 60 टक्के कन्नड हवंच म्हणून कायदा. माझ्या दुकानाची पाटी दोनदा बदलली. मराठी अक्षरं आता इतकी बारीक झालीत की गिऱ्हाईक चष्मा मागतंय.

काकतीवाला
पाटीचं निघालंच तर सांगतो. मुंबईत दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या, 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा तुम्हीच टाळ्या पिटल्यात. ती अस्मिता, आणि बेळगावात तोच नियम झाला की जुलूम?

माझी आई कन्नड, वडील मराठी. घरात भांडण मराठीत आणि लाड कन्नडमध्ये. काकतीत राहून मला आजवर कुणी 'तू कुठला' असं विचारलं नाही. विचारतात ते इथं, तेही बाहेर राहणारेच जास्त. ज्यांना भाकरी इथं कमवायची आहे ते दोन्ही बोलतात आणि कामाला लागतात.

कोरे_गल्ली
मुंबईतल्या गुजराती दुकानदाराचं राज्य कुणी बदललं नव्हतं. तुलना करायची तर नीट करा. आणि मीही कन्नड बोलतो, रोज, गल्ल्यावर बसून. बोलणं वेगळं आणि उतारा फक्त त्याच भाषेत मिळणं वेगळं. आम्हाला मराठीतून कागद द्या एवढंच मागतोय, तुमच्या आईचे लाड बंद करा म्हणत नाही.

काकतीवाला
आईपर्यंत जायचं काम नव्हतं.

कोरे_गल्ली
तुम्हीच आणली तिला. बरं, शब्द मागे. कागदाचं मात्र मागे घेत नाही.

काकतीवाला
कागद दोन्ही भाषांत मिळावेत याला माझा कधीच विरोध नव्हता. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

वडगावची_लेक
पाट्या वाचून झाल्या असतील तर मूळ विषयावर येऊ या का? चार पुरुष तासभर भांडले, पण "स्वयंपाकाला बाई मिळते" या वाक्यावर एकाचाही हात अडखळला नाही.

मी ब्रॅम्प्टनला असते, 12 वर्षं झाली. माझ्या नवऱ्यालाही दर गणपतीत परतायची उबळ येते. तो परतेल तेव्हा मुलगा म्हणून परतेल. मी सून म्हणून. इथं डिसेंबरात उणे 18 मध्ये गाडीवरचा बर्फ मी खरवडते, पण संध्याकाळी सात वाजता कुठं चाललीस हे मला कोणी विचारत नाही. हे सासरच्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून आम्ही बायका 'मुलांच्या शाळेमुळं' असं म्हणतो. सबबी म्हणालात ना, त्या अशा तयार होतात.

आणि आईवडील डोळ्यासमोर, कुणाचे? माझी आई वडगावात एकटी आहे. नवरा परतला तरी आम्ही राहणार शहापुरात सासूबाईंजवळ. दोन किलोमीटर. पण त्या दोन किलोमीटरवरून आईकडं रोज जायला मला जी कारणं शोधावी लागतील, ती इथून रोज फोन करायला लागत नाहीत. मागच्या मंगाई यात्रेला तिनं फोन धरून मला सगळी गर्दी दाखवली, आणि मग फोन तसाच चालू ठेवून नैवेद्याला बसली. वीस मिनिटं मी नुसता तिच्या स्वयंपाकघराचा पत्रा बघत होते. तुमच्या लोभाच्या हिशोबात ही वीस मिनिटं कुठल्या रकान्यात टाकू?

निपाणी_स्टँड
चहा गार झाला.

खानापूरकर
ताई बरोबर बोलल्या. मी एक मास्तर माणूस, कधी कुठं गेलो नाही, त्यामुळं तुमच्या व्हिसातलं कळत नाही. आमच्या गावात परदेश म्हणजे गोवा. पोरं दहावी झाली की चोर्ला घाट उतरून हॉटेलात नाही तर फॅक्टरीत. महिन्याला एकदा येतात, झोपतात, जातात. जरा शिकलेली पुण्याला. माझ्या मराठी शाळेत पहिलीला यंदा सहा मुलं आहेत. ती सहाही तुमच्यासारखीच जाणार. 'परत यावं का' हा प्रश्न त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही, कारण त्यांच्याकडं सांगण्यासारखा पासपोर्ट नाही. तुमचं भांडण चालू द्या, पण मधून ह्यांनाही मोजा.

मंडोळी_रोड
सर, पटलं. ताई, 'बाई मिळते' हे वाक्य चुकलं. आमच्या हिनंही ते वाचून कालपासून मला स्वतःच्या हातानं चहा करून प्यायला लावलाय. लोभ हा शब्दही सगळ्यांना लागू नाही, मान्य.

पण टिळकवाडी, तुम्हाला मी सोडणार नाही. मागं एकदा तुम्हीच लिहिलं होतं की बांधाला लागून असलेले 20 गुंठे घ्यायचे होते आणि 'सरकारनं घेऊ दिले नाहीत'. अहो, अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं तेवढी मिळते. सगळ्या देशाला एकच नियम, त्यात कन्नड-मराठी काही नाही. राहायला आल्यावर घेता आले असते. 2020 पासून तर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. तुम्ही 26 महिने इथं होता. घेतले का नाहीत?

टिळकवाडी_स्टुटगार्ट
तोवर ते बेंगळुरूच्या कुणीतरी घेतले होते. त्याच 2020 च्या दुरुस्तीचा फायदा घेऊन. आता तिथं बासमतीच्या जागी तारेचं कुंपण आहे आणि आत काहीच नाही. नियम सगळ्यांना एकच, ते बरोबर आहे तुमचं. मी 'सरकारनं' लिहायला नको होतं.

कन्नडचंही एक सांगून टाकतो, हसा खुशाल. मुलगी पाचवीत बसून पहिलीची कन्नड अक्षरं गिरवत रडायची, मीही तिच्याबरोबर रागानं शाळेला शिव्या द्यायचो. सहावीच्या दिवाळीत रिक्षावाला कुणाशी तरी फोनवर कन्नडमध्ये बोलत होता. उतरल्यावर ही म्हणाली, बाबा, तो आपल्याला दुसऱ्या रेल्वे गेटवरून उगाच फिरवून आणल्याचं सांगत होता. मला ओ की ठो कळलं नव्हतं. त्याला वीस रुपये कमी दिले. इथं आल्यावर ती वर्षभर म्हणत होती, जर्मनपेक्षा कन्नड सोपी होती.

काकतीवाला
पोरगी हुशार आहे. तिला परत पाठवा, तुम्ही राहा तिकडं.

मंडोळी_रोड
म्हणजे वीस रुपये वाचले ते कन्नडमुळं. नोंद करून ठेवतो.

टिळकवाडी_स्टुटगार्ट
ठेवा. तुमचं म्हणणं तरी मला पटलेलं नाही. 'बघायला आलेला माणूस' हे तर मुळीच नाही. 26 महिने म्हणजे बघणं नसतं.

आता उठतो. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, मामेभाऊ नेणार होता, त्याचा आत्ताच निरोप आला की गोव्याहून सुट्टी मिळत नाही. दुसरं कोण आहे ते बघतो.

मंडोळी_रोड
कुठल्या वारी?

टिळकवाडी_स्टुटगार्ट
मंगळवार. सकाळी आठला बोलावलंय.

मंडोळी_रोड
मग सातलाच निघायला पाहिजे, दुसरं गेट पडलं की अर्धा तास गेला. मी नेतो. पत्ता इथं टाकू नका, खाजगीत पाठवा. आणि आईंना आधीच सांगून ठेवा, शारजाचा माणूस आहे, वाटेत जर्मनीला नावं ठेवेल.