मानेतली दबलेली नस : तुमचे अनुभव लिहा

मानेतून दंडात आणि तिथून बोटांत उतरणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांनी लिहावं. कळ कुठवर जायची, कशाने उतार पडला, कशाने वाढली? औषधाचा डोस मात्र कुणी कुणाला सुचवू नये.

*

माझी कळ मधल्या बोटापर्यंत जायची. डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच सातव्या नसेवर संशय घेतला. अंगठ्यात गेली असती तर सहावी, करंगळीत तर आठवी. (मानेचे मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ, हे तेव्हा कळलं.) मान मागे नेऊन दुखऱ्या बाजूला कलवली की हातभर वीज चमकायची. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटायचं. घरच्यांना ते नाटक वाटे, पण त्याने नसेवरचा ताण खरंच हलका होतो. झोपायचोही तसाच.

*

एमआरआयच्या अहवालात ‘चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगलेली’ वाचून मी हादरले. सर्जननीच धीर दिला : काहीही न दुखणाऱ्यांच्या मानेतही असं दिसतं, तक्रार आणि चित्र जुळायला हवं. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरतं, म्हणाले. माझंही ओसरलं, बोटाचा बधिरपणा मात्र मागे रेंगाळला.

*

प्रीगाबालिनने कळ कमी झाली, पण दिवसभर गुंगी. गाडी चालवणं बंद. आणि ही गोळी एकदम सोडायची नसते, हळूहळू कमी करतात.

*

माझी मान छान फिरायची. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरून जाग यायची, हात झटकला की बरं. नस दबली होती ती मनगटात!

*

वडिलांना दुखत फारसं नव्हतंच. सदऱ्याची बटणं लागेनात, चालताना तोल जाऊ लागला. सगळे वयावर ढकलत होते. दबला होता तो मज्जारज्जू, तेव्हा शस्त्रक्रिया लगेच करावी लागली. हातातली ताकद घटत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम करून वाट बघत बसू नका.

*

तुम्ही सगळ्यांनी व्यायाम कधी सुरू केलात? मला कळ असतानाच हनुवटी मागे घ्यायला सांगितलंय. कळ बोटांकडून मानेकडे सरकली तर चालू ठेवायचं, उलट खाली उतरली तर थांबायचं. सध्या कोपरापर्यंत आली आहे.