मोर्स कीचे डिट (टिंबं) गळतात ते पिव्हॉटमुळे

मोर्स की, म्हणजे दाबून टिंब-रेघेचे संदेश पाठवायची कळ, कधीकधी टिंबं गाळते. त्यावर कॉन्टॅक्टना (दाबल्यावर टेकणाऱ्या टोकांना) पॉलिश पेपर मारायचा सल्ला काही जण देतात, तो पितळी भागांपुरता ठीक. चांदीच्या कॉन्टॅक्टमध्ये त्याचे कण रुतून बसतात. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये धरा, की हलकी दाबून पट्टी ओढा, बस.

तरीही डिट गळत असतील तर पिव्हॉट (लिव्हर ज्यावर हलतो तो सांधा) बघा. बऱ्याच जुन्या कींमध्ये करंट बेअरिंगमधूनच जातो आणि तिथे वाळकं ग्रीस असतं. जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओ सेटच्या जास्त व्होल्टेजला ते खपून जायचं, आताच्या ट्रान्सीव्हरच्या (संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या रेडिओच्या) जेमतेम पाच-दहा व्होल्टला नाही. करंटला बेअरिंग टाळून वाट मिळावी म्हणून लिव्हर ते फ्रेम बारीक तारांची मऊ वेणी ढिली जोडा. फ्रेमला सोल्डरचा डाग देत बसू नका, पितळ सगळी उष्णता खातं. वेणीच्या टोकाला रिंग टॅग (भोकाची पत्री) लावून तो स्क्रूखाली आवळा. की सरकत असेल तर शहाबादी फरशीचा तुकडा, खाली रबर. सोलापुरात त्याला काय तोटा!