७.९ मधून ५.५ गेले तर ३१ टक्के कसे येतात??

कळवा_नाका:
मंडळी, एमएस्सी नर्सिंगला आहे, शुक्रवारी जर्नल क्लबला माझा नंबर, एक पेपर वाचून वर्गाला समजवायचाय. पेपर १९९५ चा, स्कॉटलंडमधली प्राव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची ट्रायल, ६५९५ पुरुष. सारांशात लिहिलंय हार्ट अटॅक नि त्यातले मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, आणि टेबलात बघावं तर डमी गोळीवाले २४८ आणि कंसात ७.९, औषधवाले १७४ आणि कंसात ५.५. फरक २.४ चा, मग ३१ आणले कुठून? वर २४८ ला ३२९३ ने भागलं तर ७.५ येतं, ७.९ पण नाही. नेरूळ ते ठाणे तीनदा वाचलं, चौथ्यांदा उभ्याउभ्याच डुलकी लागली.

ऐरोलीकर:
ताई, २.४ हा सरळ फरक, आणि तोच ७.९ च्या तुलनेत मांडला की ३० च्या आसपास जातो, म्हणजे २०० ची साडी १४० ला दिली की ६० रुपये पण खरे आणि ३० टक्के सूट पण खरी, दुकानदार पाटीवर काय लिहिणार ते तुला माहितीय. ३१ आणि ७.९ थोडे वेगळे येतात कारण सगळे जण पूर्ण पाच वर्षं ट्रायलमध्ये नव्हते, कोण किती काळ होता ते धरून पाच वर्षांचा धोका काढलाय. टेबलाखालची बारीक अक्षरं वाच, आपण सगळे तीच सोडतो. माझ्या हिशोबाने साधारण ४२ जणांनी पाच वर्षं गोळी घेतली की एकाचा अटॅक टळतो. हे वाक्य शुक्रवारी नक्की बोल.

पाचपाखाडी_बॉय:
पी ०.००१ च्या खाली आहे ना, म्हणजे औषध ९९.९ टक्के लागू पडतं, विषय संपला 😄

मास्तर_वाशी:
नाही हो दादा, अर्धा महाराष्ट्र हीच चूक करतो. औषधाचा काहीच उपयोग नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता हजारात एकाहून कमी, एवढंच ते सांगतं, फायदा किती ते नाही. त्यासाठी ३१ टक्क्यांच्या शेजारी दिलेला १७ ते ४३ टक्क्यांचा पट्टा बघायचा, ३१ हा अंदाज आहे आणि खरा आकडा त्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. साडीच्या पाटीचं उलटं पण होतं, फायद्याऐवजी धोका मोठा दिसतो, १९९५ लाच ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो अशी बातमी आली, प्रत्यक्षात ७००० बायकांत १ च्या जागी २ एवढंच होतं, पण बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. आणि ग्राफ दाखवताना उभा अक्ष कुठे संपतो ते आधी बघ, १०० च्या ऐवजी १० ला संपला की चिमूटभर फट खिंडीएवढी दिसते.

कळवा_नाका:
साडीवालं कळलं!! ऐरोलीकर दादा, हेच आकडे आईला पण लावू का, तिचं कोलेस्टेरॉल जास्त आहे, डॉक्टर गोळी म्हणतायत.

ऐरोलीकर:
पहिलं टेबल बघ, ४५ ते ६४ वयाचे पुरुषच आहेत सगळे. आईचं डॉक्टरांनाच विचार.