आईचा अंगठा घेऊन भावानं रान नावावर करून घेतलं, आई म्हणते गप बस

गोदाकाठची लेक
आई ७४ वर्षांची आहे, गंगाखेडकडं गावी भावाजवळ राहते, मी पुण्यात. बाबांनी २ एकर १० गुंठे रान आईच्याच नावानं घेतलेलं. मागच्या महिन्यात गावी गेले तेव्हा तिचं फार्मर आयडी काढायला सेतूवर नेलं, तर तिथला पोरगा म्हणतो ताई आजीच्या आधारला जमीनच दिसत नाही. सातबारा काढला तर आईच्या नावाला कंस (म्हणजे नाव कमी केलेलं) आणि खाली भावाचं नाव, फेरफार बक्षीसपत्राचा. आईला विचारलं तर म्हणे दिवाळीच्या आधी "निराधारच्या पगारीचा फॉर्म भरायचाय" म्हणून तालुक्याला घेऊन गेल्ता, फोटो काढला, अंगठे घेतले, दोन पाव्हणे संगं होते, येताना केळं घेऊन दिली.

वरून तिच्या खात्यावर पीएम किसानचे नि नमोचे पैसे यायचे ते नातू मिनी बँकेत नेऊन तिचा अंगठा लावून उचलायचा आणि हिच्या हातावर पाचशे ठेवायचा. बीपीची गोळी संपली की फोन मला येतो.

तक्रार करू म्हणलं तर रडायली. "भावाला जेलात घालतीस का, मरताना मला पाणी कोण पाजल, मला ह्याच घरात ऱ्हायचंय." मला रान नको हो, खरंच नको, पण गावात बोलायलेत की लेकीला हिस्सा पाहिजे म्हणून पेटलीय. तिचं तिच्या नावावर परत आलं की बास. पोलिसात न जाता काही होतं का?

रेणापूरकर
ताई होतं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, ६० च्या वरच्या कोणालाही चालतो. अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, साध्या कागदावर, वकिलाशिवाय चालतं. आईनं कुणाला लिहून दिलं तर तोही तिच्या वतीनं करू शकतो. पोलीस बिलीस कोणी दारात येत नाही, बऱ्याचदा आधी समेट अधिकारीच दोघांना समोर बसवून बोलतो, हे आईला नीट सांगा कारण आमच्या नानांना (चुलते) ह्याचीच भीती होती. नानांनी घर पोराच्या नावानं केलं आणि दोन वर्षांत त्यांची खाट गोठ्याकडं आली. आमच्या इथं चार तारखा पडल्या, मग पोरगंच म्हणलं परत लिहून देतो. नानांच्या बक्षीसपत्रात "मरेपर्यंत सांभाळ करीन" अशी ओळ होती, ती लई कामाला आली. सांभाळत नसतील तर महिन्याला खर्चीपण मागता येते, १०,००० पर्यंत.

कोर्टाच्या आवारातला
रेणापूरकर दादांनी सांगितलेली ती ओळच महत्त्वाची आहे. कलम २३ असं म्हणतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर ती फसवून घेतली असं धरून रद्द करता येते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हणलं की अट पाहिजेच. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, तसाच वाचा, आणि तिचं बक्षीसपत्र रद्द करून दिलं. त्या मुलानं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. म्हणून आधी तुमच्या बक्षीसपत्राची नक्कल आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) काढा, त्यात काय लिहिलंय बघा. अट नसेल तरी पेन्शनचा फॉर्म सांगून अंगठा घेतला ही सरळ फसवणूकच आहे, त्याला दिवाणी कोर्टात दस्त रद्द करायचा दावा लागतो, कळल्यापासून ३ वर्षांच्या आत. ते पाव्हणे साक्षीदार म्हणून लागलेत का तेही बघा. आणि फेरफार मंजूर झालाय म्हणून घाबरू नका, मूळ दस्त रद्द झाला तर फेरफारही बदलतो.

जालन्याचा कॅशियर
मी खात्यापुरतंच बोलतो. आईच्या आधारला आणि बँकेला मोबाईल नंबर कोणाचा आहे? दहातल्या आठ वेळा पोराचा नाही तर नातवाचा निघतो, मेसेज सगळे तिकडंच. तो आधी बदला, दोन्हीकडं. मग आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, फुकट आहे, पैसे काढायचे तेव्हाच उघडायचं, म्हणजे कोणी अंगठा धरून काढू शकत नाही. दोन वर्षांचं स्टेटमेंट पण घ्या, अर्जाला जोडायला उपयोगी पडतं. आम्ही काउंटरला बघतो ना, म्हातारी माणसं येतात, नातू म्हणतो आजी इथं दाबा, आजी दाबती, किती निघाले कधीच विचारत नाही. मी आता रक्कम मोठ्यानं बोलून सांगतो. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, आईला स्वतःच्या तोंडानं बोलू द्या.

गुरुजी नांदेड
लेकी, मी ७१ वर्षांचा आहे. आईला सगळं कळलंय गं. पोटच्या पोरानं फसवलं हे चारचौघात बोलायचं म्हणजे आपलंच वाढवणं चुकलं असं वाटतं आम्हा लोकांना, त्यामुळं गप ऱ्हातात. तिच्याशी एकटीशी बोल, सून समोर नको, भाऊ तर नकोच. आणि रानाचं नंतर, आधी विचार की हे सगळं झाल्यावर तू ऱ्हाणार कुठं, तिचा जीव तिथं अडकलाय. माझ्या धाकट्यानं पण बक्षीसपत्राचा विषय काढलेला, मी मृत्युपत्र केलं. मरेपर्यंत सगळं माझ्याच नावावर आणि मन फिरलं तर बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की गेलं हातचं.

गोदाकाठची लेक
सगळ्यांचे खूप आभार. आईला मोतीबिंदू दाखवायला म्हणून परभणीला मावशीकडं आणलंय, मावशी म्हणली लागेल तेवढे दिवस ऱ्हा म्हणावं. नंबर बदलला, लॉक केलं. नक्कल मिळाली, त्यात अट नाही. काल रात्री तिला वाचून दाखवली. "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता" हे आल्यावर म्हणली परत वाच. परत वाचलं. म्हणली मी असं म्हणलेच नाही, आणि मला सही येती, अंगठा कशाला घेतला?

तिला खरंच सही येते, बाबांनी शिकवलेली. प्रांतच्या अर्जावर सहीच करणार म्हणते, दाव्यासाठी वकील पण बघायलोत. फक्त अर्जात भावाच्या नावापुढं "गैरअर्जदार" लिहिलंय ते वाचल्यापासून विचारायली, ह्याला दुसरा शब्द नसतो का. असतो का?